चार सूत कमी

रेझिनचा वास आला की माझ्या हातांना खाज सुटते. खरीखुरी, नखांनी ओरबाडावी अशी. मासेमारी बंद झाली, होड्या ओढून वर घेतल्या आणि त्यांच्यावर निळ्या ताडपत्र्या चढल्या, की आमच्या चिंचणीच्या किनाऱ्यावर हा वास सुरू होतो, तो थेट नारळी पुनवेपर्यंत. वर झड, खाली ओली वाळू, आणि मधे आडोशाला कुणीतरी फायबर चिकटवायचं रेझिन बादलीत ढवळत बसलेला. बाकीच्यांना आषाढात मोर आठवतात. मला ग्राइंडर आठवतो.

यंदाही सुट्टी बघून बोईसरहून माहेरी आले, गल्लीच्या तोंडाशी स्कूटर लावली, वास आला आणि मनगट खाजू लागलं. तीन वर्षं झाली त्या गोष्टीला, तरी अंगातून जायला तयार नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आम्ही आमच्या होडीच्या शाफ्टची नळी बदलली. वाक्य किती सोपं आहे! ऐकणाऱ्याला वाटेल, मोरीतल्या नळाची तोटी बदलली. इंजिनापासून पाण्यातल्या पंख्यापर्यंत जो लोखंडी दांडा जातो, तो होडीच्या बुडातून बाहेर पडताना या नळीतून जातो. नळी फायबरमध्ये घट्ट बसवलेली असते आणि ती सडली की पाणी आत येतं. आमची होडी वीस वर्षांची. ज्याने कुणी ती नळी बसवली, त्याच्या मनात ती पुढे कधी काढावी लागेल असा विचार शिवलाही नसावा. ओढून निघेना, ठोकून निघेना, तापवून निघेना. निम्म्या किनाऱ्याने एकेक हात मारून पाहिला आणि उरलेल्या निम्म्याने उंटावरून शेळ्या हाकल्या. शेवटी दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, ग्राइंडर लावून भोवतालचं फायबर कापलं आणि नळी तीन तुकड्यांत बाहेर आली. टोकं तर गंजून पार झिजलेली. त्या तुकड्यांवरून नव्या नळीचं माप मिळणं शक्यच नव्हतं.

फायबरच्या भुकटीबद्दल काय सांगू? अंगाला खोबरेल लावून बसा, म्हणजे खाज येत नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. लावलं. तेलावर भुकटी आणखी छान चिकटली. गळ्यात, कोपराच्या खळीत, बांगड्यांच्या आत, सगळीकडे ती शिरली. वहिनीने माझे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला साफ नकार दिला, आणि त्याबद्दल मी तिला अजून दोष देत नाही.

या सगळ्यात बाबा ताडपत्रीखाली स्टुलावर बसून होते. गुडघा गेल्यापासून त्यांचं समुद्रावर जाणं थांबलं होतं. होडी दादा चालवायचा. जाळं दादाचं, बर्फ दादाचा, बाजारही दादाचा. बाबांकडे एकच गोष्ट उरली होती आणि ती म्हणजे सूत. बंदीच्या दोन महिन्यांत किनाऱ्यावर कुणाच्याही होडीचा शाफ्ट बसवायचा असला, की बाबांना हाक यायची, "दामू, जरा सूत धरायला ये." बाबा एक जुना सुती दोरा घेऊन जायचे, नळीच्या भोकातून इंजिनापर्यंत तो ताणायचे आणि एक डोळा मिटून सांगायचे, "केसभर वर. आणखी. बस." त्यांनी बस म्हटलं की शाफ्ट वर्षभर थरथरून गुणगुणत नसे. वर्षाचे दहा महिने खुर्चीत बसणारा माणूस या दोन महिन्यांत किनाऱ्याला हवा असायचा, आणि त्यावर उरलेलं वर्ष काढायचा. हे मला कळत होतं. कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

सूत हा शब्द तरी काय आहे! दोरा म्हणजेही सूत, आणि इंचाचा आठवा भाग म्हणजेही सूत. सरळ रेषेत असलं की सुतात. दोन माणसांचं पटलं की सूत जमलं. माझं आणि बाबांचं या चारही अर्थांनी वाकडं चाललं होतं. मी बोईसरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. दिवसभर बारीक मापं घेणारं व्हर्नियर हातात. मी सही केल्याशिवाय तिथून एक नग बाहेर पडत नाही. मोजण्याच्या खोलीचं तापमानसुद्धा ठरलेलं, कारण धातू उन्हाने फुगतो आणि माप खोटं निघतं. अशा मुलीने बापाला दोऱ्याने माप घेताना बघायचं म्हणजे काय होत असेल, विचार करा.

लहानपणी त्याच दोऱ्याचं दुसरं टोक मी धरायचे. बाबा होडीत आत, मी बाहेर पंख्याच्या बाजूला वाळूत गुडघे टेकून. दोन बोटांच्या चिमटीत टोक धरायचं आणि श्वाससुद्धा हळू घ्यायचा. बाबा आतून ओरडायचे, "हलू नको गो!" मी हललेली नसायचेच. समुद्राचं वारं दोरा हलवायचं आणि ओरडा मी खायचे. पुढे आयटीआयला गेले, हातात पोलादी पट्टी आली, आणि दुसरं टोक धरायचं मी बंद केलं. बाबांनी कधी विचारलं नाही. ते टोक खिळ्याला बांधू लागले.

तर त्या दिवशी मी पर्समधून टेप काढला आणि नळीचं आतलं टोक ज्यातून निघतं त्या ठोकळ्याच्या पुढे नटापुरती जागा धरून, तिथपासून बाहेरच्या कडेपर्यंत स्वतः माप घेतलं. साडेबेचाळीस इंच. चिठ्ठीवर लिहिलं.

"टेप नको," बाबा स्टुलावरून म्हणाले.

"का?"

"आतमध्ये वाकतो तो. सूत लाव."

"बाबा, टेप पोलादाचा आहे. दोरा वाकतो, टेप नाही."

"ताणलेलं सूत कधी वाकलंय काय? तू शिकवतेस मला?"

दादा फायबरच्या भुकटीत पांढराफटक होऊन उभा होता. तो म्हणाला, "कायपन घ्या, पन घ्या एकदाचं. पुनव काय आपल्यासाठी थांबनार हाय?"

बाबांनी दोरा घरून आणलेला होता, दाराच्या मागच्या खुंटीवरचा, कोरडा. ताडपत्रीखाली त्यांनी तो भोकातून ताणला, दोन्ही टोकांशी एकेक गाठ मारली, गुंडाळी केली आणि माझ्या हातात दिली. गाठीपासून गाठीपर्यंत नळी. बोईसरला माझ्या कारखान्याजवळच लेथ मशिनवर लोखंड कातून देणारा एक टर्नर होता, त्याच्याकडे हे नेऊन द्यायचं होतं.

"भिजवू नको हां," बाबा म्हणाले.

हे "भिजवू नको" मी जन्मापासून ऐकत आले आहे. वह्या भिजवू नको, केस भिजवू नको, मीठ भिजवू नको, सुकी मासळी भिजवू नको. आषाढात समुद्राकाठी राहणाऱ्या माणसाने हे किती वेळा म्हणावं! मी "हो हो" म्हटलं आणि गुंडाळी रेनकोटच्या वरच्या खिशात टाकली. त्या खिशाचं झाकण कधीच तुटलेलं होतं.

तारापूरच्या पुढे पावसाने मला अक्षरशः धुतलं. रस्त्यावरचे खड्डे पाण्याखाली आणि टँकर अंगावर. त्यात औद्योगिक वसाहतीचा तो आंबट वास. बोईसरला पोचेपर्यंत माझ्या बुटात तळं झालं होतं. टर्नर खानदेशातला, सगळे त्याला महाजन मिस्त्री म्हणायचे. लेथवरून मान वर न करता तो म्हणाला, "बोला ताई."

मी दोरा दिला. त्याने तो दोन बोटांनी उचलून बघितला.

"हे काय आणलं ताई? घरात टेप नाही का?"

"माझे वडील सुतानेच माप घेतात."

त्याने मागे वळून कुणाला तरी हाक मारली, "अरे भाई, इधर आ, ये पकड!" आणि दोघांनी तो ओला दोरा बाकावर ताणून धरला. मिस्त्रीने पट्टी लावली. "बेचाळीस," तो म्हणाला. "बरोब्बर बेचाळीस. पक्कं ना? पाईप कापल्यावर वाढत नाही, ताई."

माझ्या पर्समध्ये चिठ्ठी होती. साडेबेचाळीस. म्हणजे बाबांचा दोरा अर्धा इंच, चार सूत कमी दाखवत होता. चिठ्ठी काढून पुढे करायला मला किती वेळ लागला असता? पण मला त्या क्षणी जे वाटलं ते सांगते, कारण ते लपवून हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. मला आनंद झाला. एकदा तरी त्यांचं सूत चुकू दे, असं वाटलं. एकदा तरी सगळ्यांसमोर कळू दे की टेप वाकत नाही. मी म्हटलं, "पक्कं. सुताप्रमाणेच करा." दोरा परत घेतला आणि त्याच दिवशी बाबांना नेऊन दिला.

मग आठ दिवस नळीचा पत्ता नाही. वीज नव्हती, मग पाईप मिळत नव्हता, मग मिस्त्री शेताच्या कामाला गावी निघून गेला. फोन केला की मागे ट्रॅक्टरचा आवाज यायचा आणि तो म्हणायचा, "झालंच समजा, ताई." मी नाकी नऊ आलेल्या आवाजात दादाला तेच सांगायचे आणि दादा बाबांना. बाबा बुडातल्या भोकाला चिंध्या कोंबून पावसाचं पाणी उपसत बसायचे. पुनव नऊ दिवसांवर आली तेव्हा नळी हाती लागली.

रविवारी सकाळी आम्ही ती बसवून पाहिली. पाऊस थांबला होता म्हणून शेजारपाजारचे सात-आठ जण जमले होते. गजाकाका, म्हणजे शेजारच्या होडीचे मालक आणि बाबांचे बालमित्र, चहाचा ग्लास घेऊन काठावर बसले होते. नळी सरकली, बाहेरच्या कडेला बरोबर बसली. दादा आत उतरला. आतल्या ठोकळ्याच्या पुढे नळीचे आटे निघायला हवे होते, म्हणजे त्यावर नट फिरतो आणि पाणी अडतं. आटे निघाले, पण इतके कमी की नट धरेना. दादाने तीनदा प्रयत्न केला, नट तीनदा हातात आला. मग तो आतूनच ओरडला, "कुनी माप घेतलं हे?"

 मी तोंड उघडलं असतं तर काय बोलले असते, मला माहीत नाही.

"मी," बाबा म्हणाले. "माझं सूत चुकलं."

गजाकाकांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. दादाने होडीतून डोकं वर काढून बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू टेप लावला होतास ना गो त्या दिवशी? किती आलं होतं?"

आणि मी पर्समधून चिठ्ठी काढली. काढली! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त ते त्या दिवशी कुणाला दिसलं नाही. पुन्हा टेप लावून पाहिला तर साडेबेचाळीस अगदी बरोबर. "बघा," कुणीतरी म्हणालं, "इंजिनीअरबाई घरात असताना दोऱ्यावर कशाला जायचं?" सगळे हसले. बाबाही हसले. मी त्या हसण्यात सुखावले, हे खोटं कशाला बोलू?

दुसरी नळी मिस्त्रीने तीन दिवसांत दिली. दमट हवेत रेझिन सुकेना, तेव्हा होडीत मोठे दिवे लावून ठेवले. मी रजा टाकून खाजवत खाजवत फायबरच्या चटईचे थर रेझिनमध्ये दाबले. पुनवेच्या भरतीला होडी पाण्यात गेली. शाफ्ट सुतात बसला होता, कारण तो बाबांनीच धरला होता. पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. लक्षात राहिलं ते एकच वाक्य, "माझं सूत चुकलं." पुढच्या पावसाळ्यात बाबांना एकच हाक आली. त्याच्या पुढच्या वर्षी एकही नाही. लोक आता मोबाईलवर पातळी बघतात, लाल किरणाचा एक दिवा कुणीतरी पालघरहून आणलाय. शाफ्ट गुणगुणतात, पण गुणगुणले तरी चालतात. बाबा दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारतात, कुणाची होडी दुरुस्तीला उघडली आहे.

यंदा सुट्टीला आले ती अशी. दुपारी छत्री शोधायला दाराच्या मागे हात घातला आणि खुंटीवरचा दोरा हाताला लागला. दोन गाठी तशाच. बाबांनी त्या सोडल्याच नव्हत्या. पर्समध्ये टेप असतोच. मी दोरा ओटीवर ताणला आणि सहज टेप लावला.

साडेबेचाळीस.

पुन्हा लावला, साडेबेचाळीसच. एका सुताचाही फरक नाही. मी तशीच खाली बसले. सुती दोरा भिजला की आखडतो. ओल्या सुतळीची गाठ सुटत नाही ती त्यामुळेच, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. धातू उन्हाने फुगतो म्हणून बंद खोलीत माप घेणारी मी, भर पावसात तुटक्या खिशात माप घेऊन गेले होते. आणि "भिजवू नको" मी ऐकलं होतं. सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे लोक, मला सुतावरून साधं बोईसर गाठता आलं नाही.

बाबा आत पडले होते. मी दोरा घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. "बाबा, सूत बरोबर होतं."

"माहीत हाय मला."

"कधीपासून?"

"तूच आणून दिलंस ना परत त्या दिवशी? निथळत होतं. वाळल्यावर मोजलं मी."

"मग सांगितलं का नाही?"

बाबा उठून बसले. गुडघा दोन्ही हातांनी धरून खाली सोडला. "इतक्या वर्षांनी होडीला हात लावलास. पह्यल्याच कामात चूक निघाली असती तर परत आली असतीस? भिजली पोरगी, पावसात नेलं, चुकलं. त्यात काय एवढं?"

इथे मी गप्प बसले असते तर फार छान झालं असतं. बापाने झाकलं, मुलीला कळलं, डोळे भरून आले. पण चिठ्ठी होती ना! ती मला तीन वर्षं भुकटीसारखी टोचत होती. मी म्हटलं, "बाबा, टेपचं माप पर्समध्ये होतं. मिस्त्रीने विचारलं तेव्हा मला कळलं होतं की दोरा कमी येतोय. मी मुद्दाम सांगितलं नाही. तुमचं चुकावं म्हणून."

त्यांनी माझ्याकडे बघितलं.  मला वाटत होतं ओरडतील, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं.

"म्हंजे नळी आखूड येनार, ते माहीत होतं तुला."

"हो."

"आनि मी सगळ्यांसमोर..." ते थांबले. भिंतीकडे तोंड करून पुन्हा आडवे झाले. "जा. चा ठेव."

चहा ठेवला. त्यांनी घेतला नाही, साय धरली. दोरा मी त्यांच्या उशाशी ठेवला. मला इतकी लाज वाटली की छत्री न घेताच मी बाहेर पडले.

किनाऱ्यावर गजाकाकांची होडी उघडलेली होती. त्यांचीही नळी बदलायची निघाली होती, हे मला सकाळीच वहिनीने सांगितलं होतं. मला बघून काका खूश झाले. "ये गो इंजिनीअरबाई! टेप आनलास? ह्या लाल दिव्याने काय समजत नाय, एकदा इकडं दाखवतो, एकदा तिकडं."

मी तिथे उभी राहून, तिघेचौघे ऐकत असताना, सगळं सांगितलं. दोरा भिजल्याचं आणि चिठ्ठीचंसुद्धा. मधे पाऊस आला, तरी कुणी ताडपत्रीखाली गेलं नाही.

"मग तवा का नाय बोललीस?" काकांनी विचारलं.

"तेव्हा तुम्ही सगळे मला इंजिनीअरबाई म्हणत होतात."

 काकांनी तो लाल दिवा विझवला, कुणाच्या तरी हातात दिला आणि चपला न घालता तसेच आमच्या घराकडे चालू लागले. मी मागोमाग. दारातून ते ओरडले, "दामू! अरे दामू! सूत धरायला येतोस काय?"

काकांनी दाराला थाप मारली.

"दोन वर्षं बोलवलं नाय म्हनून रागावलास, बरोबर हाय तुझं. पन माझी नळी उद्या बसायला पायजे."

"टेप हाय ना तुमच्याकडं," आतून आवाज आला.

"टेप वाकतो," गजाकाका म्हणाले.

आत खाट करकरली. मग टोपी सापडत नव्हती, मग टोपी होती पण चष्मा नव्हता, मग काठी ओटीवर कुणी ठेवली यावर वहिनीशी वाद झाला. पाऊस पडत होता आणि आम्ही दोघं दारात भिजत उभे होतो. मला इतकी चीड येत होती की काय सांगू, आणि इतकं बरंही वाटत होतं.

बाबा बाहेर आले. माझ्याकडे न बघता ओटीवर बसले, उशाशी ठेवलेला कोरडा दोरा मांडीवर घेतला आणि त्यावरच्या दोन्ही गाठी नखांनी सोडवल्या. त्यांना वेळ लागला, पण त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. दोरा प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी सदऱ्याच्या आत.

होडीपाशी पोचल्यावर गजाकाकांनी दोघांच्या मदतीने त्यांना आत चढवलं. थोड्या वेळाने नळीच्या भोकातून दोऱ्याचं टोक बाहेर आलं. बाहेर पंख्याच्या बाजूला खिळा होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि वाट बघत उभी राहिले.

आतून आवाज आला, "खिळ्याला बांधू नको. धर."

मी ओल्या वाळूत गुडघे टेकले, ताडपत्रीखालच्या कोरड्या चिंधीने हात पुसले, आणि दोन बोटांच्या चिमटीत ते टोक धरलं.

"आनि भिजवू नको."